उसातील मित्रकीटक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनीच याच शाळेत माझ्या हाती प्रथम भिंग दिले. पान नेहमी उलटून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. तो धडा मला उसाच्या फडात उपयोगी पडला.

आपल्या दूधगंगा-वेदगंगेच्या काठी तंबाखूच्या जोडीला ऊस आला आणि उसामागोमाग खोडकीडही. तिची अळी एकदा कोंभात शिरली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. पोंगा वाळतो आणि ओढताच हाती येतो. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या गणातील, एक मिलिमीटरहूनही लहान माशी या किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अळी जन्मण्यापूर्वीच संपते. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर ही माशी प्रयोगशाळेत वाढवितात आणि ती अंडी चिकटविलेल्या कागदी पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस टाचतात.

खरी कसोटी लागली ती २००२ साली. लोकरी मावा प्रथम सांगली जिल्ह्यात दिसला आणि पाहता पाहता आपल्या बेळगाव जिल्ह्यात उतरला. नराविना वंश वाढविणारी ही कीड! पानाखाली कापसासारखा थर, वर चिकट स्राव आणि त्यावर काळी बुरशी. माझा धाकटा भाऊ पाठीवर पंप घेऊन निघाला. मी त्यास अडविले, कारण फवारणीने मित्रकीटकही मरतात. तो म्हणाला, "दादा, तुझी माशी येईपर्यंत ऊस उभा राहील का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या वर्षी त्याचे उत्पन्न घटले. त्याचा राग रास्त होता, असे मी आजही मानतो.

ईशान्य भारतात हा मावा जुना, म्हणून त्याचे शत्रूही तेथे जुनेच. त्यांपैकी एन्कार्सिया ही इवली माशी आसामातून आणून महाराष्ट्र-कर्नाटकाच्या फडांत सोडण्यात आली, आणि ती रुजली. डिफा नावाच्या पतंगाची अळी तर मावा अक्षरशः फस्त करते. तिचे श्रेय माशीला देऊन चालणार नाही.

काही हंगामांनंतर भावानेच मला फडात बोलाविले. त्याने पान उलटून धरले होते. मी भिंग लावले. पांढऱ्या थरात मधूनमधून माव्याची वाळकी, पोकळ कवचे होती आणि त्यांना गोल छिद्रे पडली होती. भिंग त्याने माझ्या हातून घेतले, ते बराच वेळ परत दिले नाही.