रात्री पावणेदहाचा बर्फ

आम्ही दोघी जावा, सांगोला तालुक्यातल्या. धाकटीच्या लेकीच्या बाळंतपणाला मागच्या हिवाळ्यात कॅनडाला गेलो होतो, तीन महिने राहिलो. आल्यापासून गटाच्या बैठकीत बायका विचारतात, तिकडं काय बघितलं? नायगारा बघितला, तो सगळेच बघतात. आज सांगायचंय ते बायकांच्या एका हॉकी क्लबाबद्दल. मातीच्या मैदानावरची हॉकी नव्हे, बर्फावरची.

लेक राहते ते ऑन्टॅरिओ प्रांतातलं छोटं गाव, टोरांटोपासून मोटारीनं दीड तासावर. आपल्याकडं गाव तिथं तालीम असायची, तसं तिकडं गाव तिथं बर्फाचं मैदान. बाहेरून बघावं तर मार्केट यार्डातलं गोदाम. आत मात्र 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फ, म्हणजे साडेपंधरा गुंठे! बाहेर उणे 12 अंश थंडी, सगळीकडं बर्फच बर्फ, मग आत यंत्रानं वेगळा बर्फ कशाला करायचा, असं आम्ही विचारलं. तर बाहेरचा बर्फ उंचसखल, कधी वितळतो, कधी वरून नवा पडतो. खेळायला आरशासारखा सपाट लागतो. म्हणून फरशीखालून नळ्या टाकतात आणि त्यांतून गार केलेलं मिठाचं पाणी फिरवतात, कारण मिठाचं पाणी लवकर गोठत नाही. वरचा बर्फ जेमतेम इंच-दीड इंच जाडीचा.

खेळून खेळून त्यावर चरे पडले की एक गाडी येते, झांबोनी तिचं नाव. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी नावाच्या माणसानं 1949 साली ती तयार केली. गाडी वरचा पापुद्रा खरवडते आणि मागून गरम पाणी पसरत जाते. गरम का, तर त्यानं वरचा थर किंचित वितळतो आणि नवं पाणी एकजीव होऊन बसतं. आम्हाला अंगण सारवताना बघितल्यासारखं वाटलं. खेळ राहिला बाजूला, थोरली त्या गाडीकडंच बघत बसली.

या सगळ्याला वीज किती लागत असेल, बघा. म्हणून मैदानाचं भाडं तासावर असतं. त्या गावात तासाला 200 डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले 12,000 रुपयांच्या वर. मैदान एक आणि मागणारे पन्नास. आपल्या कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसारखंच म्हणा ना. दिवसाची पाळी कुणाला, रात्रीची कुणाला, यावरच सगळं राजकारण. संध्याकाळचे चांगले तास मुलांच्या संघांना, मग पुरुषांना. या बायकांची पाळी बुधवारी रात्री पावणेदहा ते पावणेअकरा.

आम्हाला तिथं नेलं शेजारच्या बाईनं. वय 61, शाळेची बस चालवते आणि संघाची गोलरक्षक आहे. तिकडं मोठ्या माणसालाही नावानंच हाक मारतात, ते आमच्या जिभेवर येईना. आम्ही तिला ताई म्हणू लागलो आणि महिन्याभरात सगळा क्लब तिला ताई म्हणायला लागला.

कपडे बदलायच्या खोलीत एकेक बाई अंगावर काय काय चढवत होती! गुडघ्याला, कोपराला, खांद्याला जाड गाद्या, डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी, पायात खाली धारदार पातं लावलेले बूट. खोलीला घामाच्या कपड्यांचा असा वास, की बाळंतिणीच्या खोलीतून आलेल्या आम्हालाही तो जाणवला. त्यात एक नर्स, एक शिक्षिका, कॉलेजची एकोणीस वर्षांची पोरगी, आणि गाईंचा गोठा असलेली एक शेतकरीण. ती पहाटे साडेचारला धारा काढायला उठते. रात्री अकराला घरी जाऊन पुन्हा साडेचारला!

खेळ असा. एका बाजूला गोलरक्षकासह सहा जणी. चेंडू नाही, रबराची कडक चकती असते, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी. तिला पक म्हणतात. ती उड्या मारू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. आमच्या हातात दिली तेव्हा तळवा बधिर झाला. सगळा जोर लावून पळायचं असल्यानं मिनिटाभरात दम संपतो. मग खेळ न थांबवता एक कठड्यावरून आत, दुसरी बाहेर. खो-खो खेळलेल्या बाईला यात जास्त समजावून सांगावं लागत नाही. थोरली नववीपर्यंत तालुक्याला खो-खो खेळली, मग लग्न झालं. ती तिसऱ्या मिनिटाला ओरडायला लागली, कोण दमलीय ते तिला आधी कळत होतं. बायकांच्या खेळात अंगावर धडक मारायला बंदी आहे. तरी पडतात, उठतात. नियम मोडला तर दोन मिनिटं एका पेटीसारख्या जागेत एकटीनं बसायचं. शेतकरीण दोनदा बसली.

ताईच्या दोन्ही भावांनी लहानपणापासून हॉकी खेळली. ही त्यांचे सामने बघायला जायची, त्यांचे कपडे वाळत घालायची. गावात मुलींचा संघच नव्हता. हिनं पहिल्यांदा काठी हातात धरली तेव्हा वय होतं 44. तिच्याकडूनच आम्हाला आधीच्या गोष्टी कळल्या. 1955 मध्ये टोरांटोत ॲबी हॉफमन नावाची लहान मुलगी केस बारीक कापून मुलगा म्हणून मुलांच्या संघात खेळली. एका स्पर्धेसाठी जन्माचा दाखला मागितला आणि उघडकीला आलं. तोवर तिचा खेळ बघून कुणाला शंकाही आली नव्हती. हीच मुलगी पुढं ऑलिम्पिकमध्ये धावली. नंतर जस्टिन ब्लेनी या मुलीला मुलांच्या संघात घ्यायला नकार दिला, कारण खेळात मुलींना वगळायची सोय कायद्यातच होती. ते कलम 1986 साली ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयानं रद्द केलं. पुरुषांची बर्फावरची हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली 1920 ला, बायकांची 1998 ला. जिथं हॉकी घराघरात आहे त्या देशातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

ताईनं विचारलं, तुमच्याकडं बायका हे खेळतात का? लेकीनं मोबाइलवर दाखवलं. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर शिकल्या, 2016 ला आपला महिला संघ पहिल्यांदा बाहेरदेशी खेळला आणि 2025 ला आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला. ते फोटो सगळ्या खोलीत फिरले.

क्लबाचा कारभार बघून तर आम्हाला आपला बचतगटच आठवला. पगारी कुणी नाही. अध्यक्ष, खजिनदार, एक वही. वर्गणी हप्त्यानं देता येते. जुने बूट, जुन्या गाद्या एकमेकींत फिरतात. सामन्याच्या दिवशी तिकिटं विकतात आणि जमलेल्यातलं अर्धं जिचं तिकीट निघेल तिला, अर्धं क्लबाला. त्यालाही नगरपालिकेचा परवाना लागतो.

आम्ही तिथं असतानाच एक प्रकरण झालं. पुरुषांच्या एका नव्या संघानं बुधवारचा पावणेदहाचा तास मागितला. नगरपालिकेच्या माणसानं बायकांना कळवलं, तुम्ही पुढच्या हंगामापासून पावणेअकराला या. म्हणजे बारा वाजता घरी. तिघी-चौघी म्हणाल्या, मग आम्हाला सोडावंच लागेल. कुणी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, बघा. खेळू नका असं कुठल्याच कागदावर नव्हतं. फक्त पाळी अशी दिली की आपोआप गळाव्यात. आपल्या गावात शाळेचं मैदान संध्याकाळी कुणाचं असतं, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

या बायका भांडायला गेल्या नाहीत. नर्सनं आठवड्याचं सगळं वेळापत्रक मोठ्या कागदावर काढलं. मुलांचे आणि पुरुषांचे तास निळ्या रंगात, मुलींचे आणि बायकांचे लाल रंगात. लाल रंग कागदावर शोधावा लागत होता. तो कागद घेऊन अकरा जणी नगरपालिकेच्या बैठकीला गेल्या, ताईसोबत आम्हीही मागं जाऊन बसलो. शिक्षिका पाच मिनिटं बोलली. तिनं मागणी एकच केली, की पाळ्या दरवर्षी नव्यानं वाटाव्यात, आणि वाटताना हा कागद समोर असावा. एका सदस्यानं विचारलं, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत, मग आत्ताच का? ताई म्हणाली, आत्तापर्यंत आम्हाला वाटत होतं की मिळतंय हेच पुष्कळ आहे.

निकाल लागला आम्ही परत आल्यावर. लेकीनं फोनवर सांगितला. पावणेदहाचा तास बायकांकडंच राहिला आणि एक आड एक बुधवारी त्यांना सव्वाआठची वेळ मिळाली. पाळ्या दरवर्षी वाटायचं मात्र अजून ठरलं नाही, ते पुढच्या बैठकीवर ढकललंय. शेतकरीण म्हणे पहिल्या सव्वाआठच्या खेळाला गोठ्यातल्या कपड्यांवरच पळत आली होती, कारण संध्याकाळच्या धारा आणि ती वेळ एकमेकींना चिकटूनच येतात. आता त्या दिवशीच्या धारा तिचा नवरा काढतो.