राज्य कोणावर?

(अड्याळ, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले व्याख्यान)



खेळ हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा निघत नाही. निघालाच तर मैदानाचे कुंपण, स्पर्धेची ढाल आणि पाहुण्यांच्या हस्ते नारळ, एवढ्यावर आटोपतो. वस्तुतः माणसे नियम का पाळतात, या राज्यशास्त्रातल्या मूळ प्रश्नाची पहिली उकल गल्लीतल्या लपंडावात होते. तेथे शिपाई नसतो, कचेरी नसते; तरीही ज्याच्यावर राज्य आले ते मूल डोळे मिटून इमानाने आकडे मोजते.

'राज्य' हा शब्द येथे थांबून पाहण्याजोगा आहे. मोठ्यांच्या मराठीत राज्य मिळवायचे असते. मुलांच्या मराठीत ते अंगावर येते. हात पालथे-उताणे टाकून एकेक जण सुटत जातो, आणि जो उरतो त्याच्यावर राज्य. दुसरा कोणी पकडला गेला की ते त्याच्याकडे जाते. धाकटे भावंड खेळायला आले तर त्याला 'कच्चा लिंबू' करतात. ते धावते, लपते, पण बाद होत नाही. हरू लागताच नियम फिरवणाऱ्याच्या खेळाला 'रडीचा डाव' म्हणतात, आणि ही शिवी पुढे विधिमंडळापर्यंत उपयोगी पडते. सत्ता हे फिरते ओझे मानणारी आणि दुर्बळाला सामावून घेणारी ही घटना कोणत्याही मसुदा समितीवाचून तयार झाली.

डच इतिहासकार योहान हौझिंगा याने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवले. खेळ स्वेच्छेने होतो, त्याला स्वतःची जागा व वेळ असते आणि भौतिक लाभाशी त्याला कर्तव्य नसते, असे त्याचे प्रतिपादन होते. लबाडी करणाऱ्यापेक्षा खेळच मोडणारा अधिक घातक, कारण लबाड निदान नियम मानण्याचे सोंग तरी आणतो, हेही त्याचेच निरीक्षण. १९४२ मध्ये नाझींनी त्याला ओलीस म्हणून डांबले. पुढे बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली सांगितले की, खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने पत्करून ते पार करणे. विटी हाताने उचलून लांब टाकता येते. तरी ती दांडूनेच कोलायची, यात सूट्सचे सारे तत्त्वज्ञान आले.

येथवर ठीक. परंतु हौझिंगा ज्याला खेळाची स्वतंत्र वेळ म्हणतो ती येते कोठून? पवनी तालुक्यातल्या धानाच्या मुलखात या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. शाळेला उन्हाळी सुट्टी लागते त्याच सुमारास, एप्रिल-मे महिन्यांत, तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम येतो. भल्या पहाटे घरातले सारे रानात जातात आणि परतल्यावर पुडे बांधायला लहान हातही लागतात. पावसाळ्यात रोवणीसाठी आई बांधीत उतरते; तेव्हा कडेवर तान्हे घेऊन मैदानाच्या काठाशी उभी राहणारी असते ती थोरली बहीण. मुलगा त्याच वेळी आट्यापाट्यांच्या पाटीवर असतो. तिला कच्चा लिंबू करायलाही कोणी बोलावत नाही.

विडीचा धंदा या जिल्ह्यात आता पूर्वीसारखा उरला नाही, तथापि त्याने घालून दिलेला धडा उरला आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही कामगार चळवळीची मागणी भोंगा वाजणाऱ्या गिरणीसाठी होती. घरी सूप मांडीवर घेऊन हजारामागे मजुरी मिळवणाऱ्या बाईला भोंगा नसतो. हजार लवकर भरावेत म्हणून मुलीचे हात मदतीला येतात. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्याच्या कामावर बंदी घातली, पण घरच्या माणसांनी मिळून चालवलेल्या कामाला सूट दिली. म्हणजे जेथे मुली बसल्या होत्या नेमके तेच दार उघडे राहिले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर मनाई केली, आणि पुन्हा एक सवलत ठेवली: धोकादायक कामे सोडून कुटुंबाच्या व्यवसायात मूल मदत करू शकते, शाळेनंतर किंवा सुट्टीत. शाळेनंतर आणि सुट्टीत! खेळाला दुसरी वेळ तरी कोणती आहे? ज्या भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता मान्य केली, आणि जिच्या एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा व खेळाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, त्याच भारताचा हा कायदा आहे.

शंकरपटाची गोष्ट येथे आठवते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्यावर महाराष्ट्रात आंदोलने झाली, विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. पट हा झाडीपट्टीचा मोठा उत्सव आहे, त्याच्या आधाराने रात्रीची नाटकेही चालतात. तो टिकावा असे वाटण्यात गैर काही नाही. पण पटात धावतात बैल, जिंकतो जोडीचा मालक, आणि बाकीचे धुरळ्यात उभे राहून पाहतात. या खेळासाठी नऊ वर्षे वकील उभे राहिले. कडेवर तान्हे घेऊन उभ्या असलेल्या मुलीची केस कोणी लढवली नाही.

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. तो कामगार दिन, सुट्टीचा काळ आणि तेंदूचा हंगामही. मैदानाला कुंपण घालण्याचा ठराव त्या दिवशी आला तर कार्यकर्त्यांनी तो अडवू नये. फक्त मंजुरीपूर्वी एक प्रश्न विचारावा: या मैदानात बारा वर्षांची मुलगी किती वाजता येऊ शकेल, आणि त्या वेळी तिच्या कडेवरचे मूल कोण सांभाळील? पाळणाघराचा ठराव मग त्याच सभेत, त्याच कागदावर, कुंपणाच्या वर लिहिता येईल.