बॅग सगळ्यात शेवटी भरा

(पेण आणि रोहा इथल्या पालक-विद्यार्थी बैठकांमध्ये केलेलं भाषण. दोन्ही ठिकाणचं बोलणं एकत्र करून इथे दिलं आहे.)



मुलांनो, आज तुमच्या अम्मी-अब्बांना मुद्दाम बोलावलं आहे. मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे, आणि ते अवघड निम्मं आहे.

परदेशी जाणं आपल्या लोकांना नवं नाही. कुवेत, दुबई, सौदी, कतार ही नावं आपल्या घरात अलिबाग-पनवेलसारखी घेतली जातात. व्हिसा, मेडिकल, तिकीट हे शब्द आजीलाही पाठ असतात. पण नोकरीला जाणाऱ्याची बरीचशी तयारी कंपनी करते आणि महिना भरला की पैसा घरी येऊ लागतो. शिकायला जाणाऱ्याचं उलट असतं. सगळी तयारी आपण करायची आणि पहिल्या दिवसापासून पैसा घरातून बाहेर जायचा. आपण मात्र गल्फच्या सवयीने चालतो. बारावीचा नाहीतर पदवीचा निकाल लागला की धावपळ सुरू करतो. ती धावपळ दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी.

अशा कार्यक्रमात मोठी नावं घेण्याची पद्धत आहे. रोह्यात बोलताना सी. डी. देशमुखांचं नाव घ्यावंच लागतं. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 साली ते केंब्रिजला गेले आणि 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. आंबेतचे अंतुले साहेब लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. ही नावं घेतली की टाळ्या होतात. पण ही पार पोचलेल्यांची नावं आहेत. मला आज वेगळं नाव घ्यायचं आहे.

अतिया फैजी. मुंबईच्या तैयबजी-फैजी घराण्यातली मुलगी. तिची बहीण नाझली ही जंजिऱ्याची बेगम, म्हणजे आपल्या शेजारच्या मुरूडची. 1906 साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये. तिकडून ती रोजचं सगळं बहिणींना लिहून पाठवायची. ते लिखाण लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकात छापून आलं आणि 1921 मध्ये त्याचं पुस्तक झालं. 'जमाना-ए-तहसील', म्हणजे शिकण्याचे दिवस. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मुसलमान मुलीने शिकायला विलायतेला जाऊन ते लिहून ठेवलं, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं.

या गोष्टीतला एक भाग सहसा सांगितला जात नाही. अतियाने तो अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. वर्षभराने, 1907 मध्ये ती परत आली. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

आधी कागदांचं बोलू. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, दाखले लिहिले, त्यामुळे यात आमचाही दोष आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहमद', पासपोर्टवर नुसतं 'एमडी'. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी सासरचं. आडनाव एका कागदावर गावाचं, दुसऱ्यावर नाहीच, वडिलांचं नावच आडनाव म्हणून चिकटलेलं. इथे तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे आपल्याला ओळखतात म्हणून चालून जातं. तिकडचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासाठी स्पेलिंग वेगळं म्हणजे माणूस वेगळा. म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसं आहे ते बघा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. कुठे नाव बदलावंच लागलं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. या सगळ्यात महिने जातात. पासपोर्ट नावं जुळल्यावरच काढा.

पेण-रोह्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट तिथून घ्यावी लागते. लोणेऱ्याला शिकणाऱ्यांचं विद्यापीठ वेगळं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की लगेच अर्ज टाका. दुबईच्या कागदांना दूतावासाचा शिक्का लागतो हे आपल्याला माहीत असतं. युरोपातल्या बहुतेक देशांना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अ‍ॅपोस्टिल चालतं, भारत 2005 पासून त्या करारात आहे. जर्मनीला जायचं तर आधी एपीएस नावाची कागद-तपासणी लागते, नोव्हेंबर 2022 पासून ती सक्तीची आहे. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर ठरवून दिलेल्या दवाखान्यातून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. देश ठरला की त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी स्वतः वाचा. एजंटने सांगितलं एवढ्यावर थांबू नका.

आता पैसा. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, हे ऐकून पालक खूश होतात. पण राहण्याखाण्याचे वर्षाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला 992 युरोच काढता येतात. इंग्लंडसाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग 28 दिवस राहावी लागते. इथे एजंट म्हणतो, "पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त कमिशन द्या." हे करू नका. उघडकीला आलं तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय फसवणुकीची नोंद मुलाच्या नावावर पुढेही राहते. आणि उघडकीला नाही आलं तर मूल तिकडे रिकाम्या खिशाने उतरतं. ते जास्त वाईट.

मदत कुठून मिळते? केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचं व्याज भरणारी योजना 2022-23 पासून बंद आहे. अजूनही काही जण तिच्या नावाने फॉर्म विकतात, सावध राहा. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्ज आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी देतं. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण व्याजाचा व्यवहार नको म्हणून बँकेची पायरी न चढणारी घरं आपल्यात आहेत. मी फतवा द्यायला आलेलो नाही. ज्याने त्याने ठरवावं. पण बँक नको म्हटल्यावर आपण काय करतो, तेही पाहू.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. त्याने सांगायला परवानगी दिली आहे. रोह्याचा मुलगा, अभ्यासात बरा. इंग्लंडला एक वर्षाच्या मास्टर्सला गेला. पैसे सहा घरांतून जमले. चुलत्याने रिक्षा घ्यायला ठेवलेले दिले, खालाने बांगड्या मोडल्या, मीही दिले. एजंटने सांगितलं होतं की तिकडे काम करून फी निघेल. तिकडे गेल्यावर कळलं की विद्यार्थ्याला शिकवणी चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि त्यात जेमतेम भाडं निघतं. थंडी, एकटेपणा, न समजणारं इंग्रजी. दोन विषय राहिले. त्याने कोणालाच सांगितलं नाही. माझी बहीण इकडे सांगत होती, मुलगा पहिला येतोय. तो फोनवर हो म्हणायचा. पाच महिने तो हो म्हणत राहिला.

परत आला तेव्हा विमानतळावर मी गेलो होतो. वडखळपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, खालाच्या बांगड्यांचं काय सांगू?"

परीक्षेत नापास झाल्याचं त्याला एवढं वाटत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. बँकेचा हप्ता बँकेला भरला की झालं. नातेवाइकांचा पैसा बिनव्याजी असतो, पण त्याचा हप्ता प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदला नजरेने भरावा लागतो. नापास होताच त्याने आम्हाला सांगितलं असतं तर फेरपरीक्षा देता आली असती. पण आमच्यापैकी कोणीही त्याला जायच्या आधी सांगितलं नव्हतं की नाही जमलं तर ये.

अतियाला ते शक्य झालं. ती परत आली, आणि 1914 मध्ये भारतीय संगीतावरचं तिचं इंग्रजी पुस्तक निघालं. ती श्रीमंत घरची होती, हे मला मान्य आहे. तिला परत येणं आपल्यापेक्षा स्वस्त पडलं. म्हणूनच आपल्याला त्याची तरतूद आधी करावी लागते. पैसे नातेवाइकांकडून घ्यायचे असतील तर एका कागदावर लिहा. कोणी किती दिले, कधी परत करायचे, आणि मूल मध्येच परत आलं तर काय. कर्ज लिहून ठेवावं ही शिकवण आपल्याला नवी नाही, आपणच ती नात्यात लाजेपोटी पाळत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते खातं मुलाच्या हातात द्या. त्याला ते वापरावं लागणार नाही, इन्शाअल्लाह. पण ते आहे हे त्याला ठाऊक असू द्या.

पेणच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, "सर, मुलाचं ठीक आहे. मुलगी परत आली तर लोक काय म्हणतील?" प्रश्न खरा आहे. मुलगा परत आला तर नापास झाला म्हणतात, मुलगी परत आली तर काहीतरी झालं असेल म्हणतात. या भीतीने तिला पाठवतच नाहीत, किंवा पाठवलं तर ती आजारी पडली तरी सांगत नाही. मी त्या बाईंना एवढंच म्हटलं, लोकांना काय सांगायचं ते आत्ता, ती इथे असताना, तिच्यासमोर ठरवा. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहातच जागा घ्या, महाग पडली तरी. आणि फोनवर गुणांआधी झोप कशी लागते ते विचारा.

सामानाचं मी बोललोच नाही. आपल्याकडे तयारी म्हटलं की आधी पापड, मसाला, सुकी मासळी. न्या, पण देशागणिक नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचा जिन्नस लिहून जाहीर करावा लागतो, नाहीतर दंड होतो. बॅग भरायला दोन दिवस पुरतात.

रोह्याच्या बैठकीत माझा भाचा मागच्या रांगेत बसला होता. सध्या तो धाटावच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि पुन्हा अर्ज करायचा विचार करतोय, या वेळी जर्मनीला. बैठक संपल्यावर ज्यांनी दाखले आणले होते त्यांचे कागद तोच तपासत बसला. तुम्हीही दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार आणले असतील तर डावीकडच्या टेबलावर या. स्पेलिंग आत्ताच जुळवून बघू.