रिकाम्या टोपलीचे भागीदार



व्यासपीठावर कामगार युनियनचा माणूस आणि विषय मात्र भाजीच्या मळ्याचा, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण आमचा सारा जन्म वर्गणी गोळा करण्यात गेला. त्यामुळे कोणतीही संस्था पाहिली की आम्ही प्रथम एकच विचारतो : येथे वर्गणी कोण भरतो, आणि तोटा आला की तो कोणाच्या माथी बसतो?

हा प्रश्न विचारण्याजोगे एक शेत अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात आहे. बर्लिंग्टन शहरातच, विनूस्की नदीच्या काठी, इंटरव्हेल नावाची सखल, सुपीक जमीन आहे. तेथील इंटरव्हेल कम्युनिटी फार्म हे भाजी खाणाऱ्या सभासदांच्याच सहकारी संस्थेचे शेत. सभासद हंगामापूर्वी पैसे भरतात. त्यातून बियाणे आणि मजुरी भागते. पुढे जे पिकेल त्यातला वाटा त्यांना मिळतो. ही रीत केवळ तेथलीच नाही. जपानात ‘तेइकेइ’ या नावाने शेतकरी आणि ग्राहक असेच जोडले गेले; तेथील सेंद्रिय शेती संघटना १९७१ साली स्थापन झाली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांनी हा पायंडा पाडला.

आपल्याकडे आषाढाच्या सरी कोसळतात तेव्हा तिकडे भर उन्हाळा असतो. मे महिन्यापर्यंत थंडीचे भय, आणि सप्टेंबर सरता सरता दव गोठून पिके पुन्हा करपू लागतात. मधल्या चार महिन्यांत सारे उरकायचे. जुलैत लसूण उपटायचा, घेवडा आणि काकडी तोडायची, त्याच दिवसांत पुढच्या भाज्या लावायच्या, आणि तण तर कोणासाठी थांबत नाही.

अशा ऐन भरात, १० जुलै २०२३ रोजी, तेथे मुसळधार पाऊस झाला. नदी चढणार हे कळताच शेतकऱ्यांच्या मदतीला शहरातली माणसे धावली आणि हाती लागेल ते पीक काढू लागली. मग पाणी आले व इंटरव्हेलची शेते बुडाली. पुराच्या पाण्यात गटाराची घाण आणि तेल मिसळलेले असते. म्हणून पिकाच्या खाण्याच्या भागाला ते पाणी लागले की तो माल माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही, असा तेथला दंडक आहे. पाणी ओसरल्यावर पीक हिरवे दिसले तरी ते टाकून द्यायचे! पुन्हा लावावे म्हटले तर जमिनीला काही आठवडे विसावा हवा, आणि तांबड्या भोपळ्यासारख्या पिकाला शंभर दिवस लागतात. तेवढे दिवस उरतात कोठे? पुढच्या वर्षी, २०२४ साली, बेरिल वादळाच्या शेषाने जुलैच्या त्याच तारखांना पुन्हा पूर आणला.

एरवी अशा वेळी शेतकरी एकटा बुडतो. येथे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे तोटा अनेक घरांत वाटला जातो. भरल्या टोपलीच्या दिवसांत हा व्यवहार साध्या खरेदीसारखाच दिसतो. त्याची परीक्षा टोपली रिकामी आली म्हणजे होते. युनियनची वर्गणीही तशीच. सुखाच्या वर्षी सभासद विचारतो, “मला काय मिळाले?” संपात त्याला उत्तर मिळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. आमचे वडील गिरणीत होते आणि आम्ही सातवीत. शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. त्या वर्षी गावाहून चुलत्यांनी ज्वारी पाठवली. त्यांचेही पीक बेताचेच होते. पोते अर्धे आले, पण आले. भागीदारी म्हणजे काय, हे आम्ही त्या अर्ध्या पोत्यापाशी शिकलो.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातून शेतमजूर वगळले गेले. १९३८ च्या कायद्यानेही जादा कामाच्या जादा दरातून त्यांना वगळले. आजही राष्ट्रीय कायद्यात ही दोन्ही कलमे तशीच आहेत. तेव्हा वाटा स्वस्त ठेवण्यासाठी निंदणाऱ्या बाईची मजुरी कापली, तर तोटा वाटला असे म्हणता येणार नाही; तो फक्त खाली ढकलला. आणि पूर दरसाल येऊ लागला तर केवळ सभासदांच्या सोशिकपणावर शेत तगणार नाही. तेथे सरकारला हात लावावाच लागेल.

आता आपले पाहू. वाहतुकीचाही खर्च निघत नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले जातात, तेव्हा आपण हळहळतो. तेच महागले की ओरडतो. दोन्ही वेळा आपले नाते भावाशीच! आपल्या गावातील पन्नास घरांनी एखाद्या शेतकऱ्याशी हंगामापूर्वी बोलणी करून पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे. करारात पहिले कलम गारपिटीचे लिहावे आणि दुसरे मजुरीचे. भाजीचे कलम तिसरे आले तरी चालेल.