पैलवानाचा खुराक आणि अंगावरची चरबी

कोल्हापूर म्हणजे तालमींचें गांव. श्रीशाहू छत्रपतींनीं कुस्तीला उदार आश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबाग मैदान उभें राहिलें. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण हा येथील मल्लांचा प्रसिद्ध खुराक. परंतु कुस्ती सोडल्यावरही तोच खुराक चालूं ठेवणाऱ्या मल्लाचें पोट थोड्याच वर्षांत सुटतें. तुपाची चरबी होते हें कोणालाही पटेल. पण दुधामांसांतील प्रथिनांनीं केवळ मांसच वाढतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय.

श्रोतेहो, प्रथिनें पचलीं म्हणजे त्यांचीं अमिनो आम्लें होतात. त्यांपैकीं ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन हीं तीन दुधांत व मांसांत विपुल असतात. इतर बहुतेक आम्लांचा निकाल यकृत लावतें. ह्या तिघांना मात्र तें बहुतांशीं पुढें जाऊं देतें. मग मोठा वाटा स्नायूंकडे जातो, आणि कांहीं मेदपेशींकडे. मेहनत करणारा स्नायू त्यांतून नवें मांस घडवितो. मेदपेशींत मात्र तीं मोडलीं जातात आणि ल्यूसिन व आयसोल्यूसिन यांपासून ‘अॅसेटिल कोएन्झाइम-ए’ नांवाचा पदार्थ निघतो. साखरेपासूनही शेवटीं हाच पदार्थ होतो, आणि ह्याचेच दुवे जोडून पेशी चरबी तयार करिते. अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या उंदराच्या मेदपेशी तपासल्या, तेव्हां ह्या कच्च्या मालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अशा अमिनो आम्लांकडून आलेला आढळला. शिवाय अमिनो आम्लांनीं इन्सुलिनचा स्राव वाढतो. आणि इन्सुलिनच्या अंमलाखालीं चरबीची सांठवण चालते, तिचें वितळणें मंदावतें.

एवढ्यावरून प्रथिनांना शत्रु मानूं नये. अंगावरच्या चरबीचा मोठा भाग खाल्लेल्या तेलातुपांतूनच येतो. आणि वाढत्या मुलांना व वृद्धांना पुरेशीं प्रथिनें हवींतच. प्रश्न आहे तो श्रमाचा. दिवसभर खुर्चीवर बसून सायंकाळीं प्रथिनांची भुकटी दुधांतून घेणाऱ्या तरुणानें हें ध्यानांत ठेवावें. तालमींत जोर-बैठकांचा हिशेब आधीं होतो, खुराकाचा मागून. ज्या दिवशीं मेहनत कमी झाली, त्या दिवसापासून खुराकही आवरता घ्यावा, हेंच शहाणपणाचें.