आईची फीत

(वसंत व्याख्यानमाला, भिवंडी. चौथे पुष्प)



गुडघ्यात कोणता बंध कुठे असतो, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया कशी होते, हे समोर बसलेल्या निम्म्या कबड्डीपटूंना तोंडपाठ आहे. ते सोडून देतो. मी एकच गोष्ट सांगायला आलोय. गुडघा मांडीतून बरा होतो.

क्रिकेटपटू ऋषभ पंतचा अपघात 30 डिसेंबर 2022 चा. जानेवारीत मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो सामना खेळला थेट 23 मार्च 2024 ला. कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा 2016 ला रिओत गेला, 2018 ला तिने जाकार्तात आशियाई सुवर्ण घेतलं. या तारखा आपण पेपरात वाचतो. मधले महिने छापून येत नाहीत.

त्या महिन्यांत काय होतं? बहुतेक वेळा मांडीमागच्या स्नायूचा दोर काढून तुटलेल्या बंधाच्या जागी बसवतात. शरीर तो हळूहळू आपलासा करतं, आणि त्या काळात काही आठवडे तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते. पोरगं म्हणतं, दुखत नाही, मी खेळतो.

माझंही तेच झालं. मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळायचो. चढाईवाल्याचा घोटा धरायला झेपावलो, पाय मातीत रुतलेला आणि अंग फिरलं. आतून टक् आवाज आला. ऑपरेशन झालं. पाचव्या महिन्यात संघातल्या एका जाणत्याचा निरोप आला, 'शेवटची पाच मिनिटं नुसता उभा राहा.' उभा राहिलो. तोच गुडघा दुसऱ्यांदा गेला.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आईने कारभार हाती घेतला. ती घरी ब्लाउज शिवायची. दर रविवारी मला पाय लांब करून बसवायची, वाटीपासून एक वीत वर शिवणाच्या खडूने रेघ मारायची आणि गळ्यातली फीत फिरवायची. उजवी मांडी 52 सेंटीमीटर, डावी 47. कालनिर्णयच्या त्या रविवारच्या चौकोनात दोन्ही आकडे लिहायची. गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळलाच जात नाही, म्हणून तो इतका झपाट्याने आटतो. फिजिओने सांगितल्याप्रमाणे भिंतीला पाठ लावून बसणं, पायरी चढणं-उतरणं, एका पायावर उठणं-बसणं सुरू होतं. सात रविवार आकडा हलला नाही. आठव्या रविवारी साडेसत्तेचाळीस भरले, तेव्हा तिने फीत पुन्हा फिरवून पाहिली.

(मागून आवाज : 'वज्रेश्वरीच्या कुंडात बसलं तर?' हशा)

जखम भरल्यावर जरूर बसा, गरम पाण्याने बरं वाटतं. पण आटलेला स्नायू त्याने भरून येत नाही.

पुढच्या रांगेतले प्रशिक्षक हाताची घडी घालून बसलेत. मी तुम्हाला दोषी धरत नाही. सात खेळाडू मैदानात, पाच राखीव, त्यात उपांत्य सामना. तुमची अडचण मला माहीत आहे. तरी एवढं ऐका. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 ला प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जसजसं लांबलं, तसतसा दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने उतरला. दर महिन्याला!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. मुलींविषयी बरंच बोलायचं होतं. गुडघ्याचा हा बंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि ऑपरेशन झालं की घरचे म्हणतात, आता पुरे झाला खेळ. ती मुलगी परत खेळू शकते. तिला महिने द्या.

फितीने जाडी कळते, ताकद कळत नाही. म्हणून शेवटी फिजिओसमोर एका पायावर लांब उडी मारून घ्या. ऑपरेशनच्या पायाची उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के भरायला हवी. तोवर सामना नाही, आणि नऊ महिन्यांआधी तर नाहीच.

उद्या सकाळी साडेसहाला मी शेजारच्या मैदानावर आईची फीत घेऊन थांबतो. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी यावं, आणि येताना आपल्या प्रशिक्षकांना घेऊन यावं.