एक छोटा शब्द आणि तीन महिन्यांचा अबोला

आज बोलूया मैत्रीत लागणाऱ्या इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जबद्दल. पण आधी माझी फजिती ऐका.

कॉलेजला मी डोंबिवलीहून ठाण्याला जायचे, सोबत माझी मैत्रीण. एकदा लेडीज डब्यात दाराशी उभं राहण्यावरून दोघी जणी माझ्यावर तुटून पडल्या. ही मध्ये पडली, माझी बाजू घेतली. पुढे तिच्या वाढदिवसाला मी झोकात स्टेटस ठेवलं, ‘यू ऑलवेज स्टूड मी अप!’

मला म्हणायचं होतं, तू नेहमी माझी बाजू घेतलीस. त्यासाठी हवं होतं ‘स्टूड अप फॉर मी’. मी लिहिलं त्याचा अर्थ, तू नेहमी भेटायचं ठरवून मला ताटकळत ठेवलंस! त्यात, त्या दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर ती खरंच आली नव्हती. घरी आजी आजारी होती. तिला वाटलं, मी सगळ्यांसमोर टोमणा मारला. तीन महिने अबोला.

खरं तर ही गंमत आपल्याला नवी नाही. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मन मोकळं झालं. ‘बोलून बसले’ म्हणजे आता पस्तावतेय. बोलणं तेच, पुढचा शब्द बदलला की अर्थ फिरतो. इंग्रजीतही तसंच. म्हणून नुसतं ‘स्टँड’ पाठ करू नका, अख्खं वाक्य पाठ करा.

आता आणखी काही:

‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं. आमचं छान पटतं, ‘वुई गेट अलाँग वेल’.

‘हँग आउट’ म्हणजे काही खास काम नसताना एकत्र वेळ घालवणं. तलावपाळीवर आपण करतो ना, तेच!

‘फॉल आउट’ म्हणजे बिनसणं. ‘वुई फेल आउट’, आमचं बिनसलं.

‘ड्रिफ्ट अपार्ट’ म्हणजे न भांडताच हळूहळू दुरावणं. कल्याणनंतर एक लाइन कसाऱ्याला जाते, एक कर्जतला. भांडण नाही, फक्त वाटा वेगळ्या.

‘मेक अप’ म्हणजे भांडण मिटवणं. चेहऱ्यावरचा मेकअप नव्हे! ‘वुई मेड अप’, आमची बट्टी झाली.

आमची कशी झाली? ठाणे स्टेशनच्या पुलावर शेवटी मीच तिला गाठलं. म्हटलं, “अगं, मला थँक्यू म्हणायचं होतं. शब्द चुकला.” ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “मग मराठीत म्हणायचं ना, बावळट!” आणि दोघी हसत सुटलो. स्टेटस चुकलं यापेक्षा तीन महिने मी विचारलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तर आजचा होमवर्क. ज्याच्याशी बोलणं सुटलंय अशा एकाला मेसेज करा, ‘लेट्स कॅच अप’, म्हणजे भेटून खूप दिवसांच्या गप्पा मारूया. आणि शब्द चुकलाच तर गप्प बसू नका, सरळ मराठीत फोन करा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!